कवीची लेक आणि गणिताचे आवर्तन

लॉर्ड बायरनची कविता अभ्यासताना त्याच्या वादळी आयुष्याची चर्चा आपण करतो. पण त्याच्या मुलीचे नाव कलाशाखेच्या वर्गात क्वचितच निघते. ते निघते संगणकशास्त्राच्या वर्गात. सी भाषा शिकू लागलेला विद्यार्थी ज्या ‘लूप’पाशी प्रथम अडखळतो, त्या लूपची कल्पना १८४३ साली, विजेचे दिवे घरोघरी येण्याच्या कितीतरी आधी, या कवीच्या लेकीने कागदावर मांडून ठेवली होती. तिचे नाव अ‍ॅडा लव्हलेस.

अ‍ॅडाचा जन्म लंडन येथे १० डिसेंबर १८१५ रोजी झाला. ती जेमतेम महिन्याची असताना आई अ‍ॅनाबेला तिला घेऊन माहेरी निघून गेली. एप्रिल १८१६ मध्ये बायरनने इंग्लंड सोडले, ते कायमचेच. १८२४ साली ग्रीसमध्ये त्याचा अंत झाला तेव्हा अ‍ॅडा आठ वर्षांची होती. कळत्या वयात पित्याचे दर्शन तिला घडलेच नाही. आईला गणिताची आवड होती आणि नवऱ्याच्या स्वैर वृत्तीची धास्ती. मुलगी बापाच्या वळणावर जाऊ नये म्हणून तिने तिला लहानपणापासून गणिताला जुंपले. परंतु कल्पनाशक्ती अशी कोंडून राहत नाही. बाराव्या वर्षी अ‍ॅडा पक्ष्यांचे पंख अभ्यासून उडण्याचे यंत्र रचण्याच्या नादात होती! १८२९ मध्ये गोवराने तिला अंथरुणाला खिळवले. पुढे बराच काळ ती कुबड्यांवर चालत असे. अभ्यास मात्र सुटला नाही.

जून १८३३ मध्ये तिची चार्ल्स बॅबेजशी ओळख झाली. त्याच्या गणनयंत्राचा नमुना पाहून सतरा वर्षांची ही मुलगी भारावून गेली. १८३५ मध्ये तिचा विवाह झाला, तीन मुले झाली, १८३८ पासून ती लव्हलेसची काउंटेस झाली. संसाराच्या व्यापातही तिने गणित सोडले नाही. ऑगस्टस डी मॉर्गन पत्रांतून तिला शिकवीत असे. हा थोर गणिती जन्माने आपल्या मदुरेचा, हे ऐकून अनेकांना नवल वाटेल.

बॅबेजने आता ‘अ‍ॅनालिटिकल इंजिन’ हे नवे यंत्र योजले होते. जकार्डच्या मागावर भोके पाडलेल्या पत्र्यांच्या, म्हणजे कार्डांच्या, हुकुमाने वेलबुट्टी विणली जाते. तशीच कार्डे या यंत्राला गणिताच्या आज्ञा देणार होती. मेनाब्रेया या इटालियन गृहस्थाने त्यावर १८४२ साली फ्रेंचमध्ये लेख लिहिला. अ‍ॅडाने त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि मूळ लेखाच्या जवळजवळ तिप्पट टिपा जोडल्या. १८४३ मध्ये त्या छापून आल्या तेव्हा खाली केवळ तिची आद्याक्षरे होती.

लूपचे बीज या टिपांत आहे. तीच क्रिया अनेकदा करायची तर दर वेळी नवी कार्डे कशाला? तीच कार्डे मागे फिरवून पुन्हा वापरावीत. अशा आवर्तनाचा, आणि आवर्तनाच्या पोटातील आवर्तनाचाही, विचार तिने केला. बर्नूली संख्या काढण्याच्या तिच्या तक्त्यात २५ क्रिया आहेत. त्यांतील १३ ते २३ या पुन्हा पुन्हा करायच्या आहेत. किती फेऱ्या उरल्या हे एक आकडा सांगतो आणि तो एकेकाने घटत जातो.

१९७२ च्या सुमारास डेनिस रिची याने घडविलेल्या सी भाषेतील ‘फॉर’ लूप याहून निराळा नाही. कुठून सुरुवात, कुठवर चालायचे, दर फेरीला आकडा कसा बदलायचा, या तीन गोष्टी सांगितल्या की झाले. सातचा पाढा छापायचा तर दहा ओळी लिहाव्या लागत नाहीत; एकच आज्ञा दहा वेळा फिरते. दोन ते तीसपर्यंतचे पाढे हवे असतील तर बाहेरचा लूप २९ वेळा, आतला दर वेळी १० वेळा, अशा २९० ओळी दोन लूप छापून देतात. आकडा बदलायचे विसरले, तर मात्र घाण्याच्या बैलासारखा संगणक फिरतच राहतो.

या टिपांचे श्रेय किती तिचे नि किती बॅबेजचे, यावर विद्वानांत वाद आहे. बर्नूली संख्यांचे बीजगणित आपण करून दिले, पण त्यातली गंभीर चूक अ‍ॅडानेच पकडली, असे बॅबेजने १८६४ च्या आत्मकथनात नमूद केले आहे. छापील तक्त्यातही एका जागी भाज्य-भाजकांची अदलाबदल झाली आहे! तिची दूरदृष्टी मात्र नाकारता येत नाही. हे यंत्र आकड्यांपलीकडे जाऊन संगीतही रचू शकेल, हे तिने ओळखले. आणि ते स्वतः होऊन काही निर्माण करणार नाही, आपण नेमके सांगू शकू तेवढेच करील, हेही बजावले. १९५० मध्ये अ‍ॅलन ट्यूरिंगला या मताचा परामर्श घ्यावा लागला.

ते यंत्र तिच्या हयातीतच काय, नंतरही पुरे झाले नाही. घोड्यांच्या शर्यतीपायी कर्ज झाले, कर्करोगाने गाठले. २७ नोव्हेंबर १८५२ रोजी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ती गेली. तिचा पिताही त्याच वयात गेला होता. ज्याच्यापासून तिला जन्मभर दूर ठेवले, त्या पित्याच्या शेजारी, हकनॉलच्या चर्चमध्ये, तिच्या इच्छेनुसार तिला विसावा मिळाला.

१९८० मध्ये अमेरिकेत ‘अ‍ॅडा’ या संगणकभाषेचे मानक ठरले. त्याला तिच्या जन्मवर्षाचा, १८१५ हा, क्रमांक दिला गेला. काव्य आणि गणित यांच्यामध्ये आपण भिंत उभी करतो. अ‍ॅडाच्या आईनेही केली होती. ती भिंत टिकली नाही, हे जगाचे भाग्यच म्हणायचे!