पडद्याआडच्या पक्षकारांची वकील : कॉर्नेलिया सोराबजी

कायद्याच्या परीक्षा उत्तीर्ण होऊनही केवळ स्त्री असल्यामुळे सुमारे पाव शतक वकिलीच्या सनदेपासून वंचित राहिलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांचे नाव भारतातील पहिल्या महिला वकील म्हणून घेतले जाते. नाशिक येथे जन्मलेल्या आणि पुण्यात शिकलेल्या सोराबजी यांची कर्मभूमी मात्र बंगाल, बिहार, ओरिसा आणि आसाम या प्रांतांत होती. विधवांचा निर्वाह, दत्तकविधान, अज्ञान वारसांचे पालकत्व, स्त्रीधन आणि वाटणी असे ज्याला आज कौटुंबिक कायदा म्हटले जाते, त्याच क्षेत्रात त्यांचे बहुतेक आयुष्य गेले. या कामातील बराच काळ त्यांच्या अंगावर वकिलाचा झगा नव्हता.

१५ नोव्हेंबर १८६६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील सोराबजी खरसेटजी हे पारशी कुटुंबातून ख्रिस्ती धर्मात आलेले मिशनरी होते. आई फ्रान्सिना यांना फोर्ड या इंग्रज दांपत्याने वाढवले होते आणि त्या घरातील कॉर्नेलिया फोर्ड यांचेच नाव मुलीला देण्यात आले. बालपणीचा काही काळ बेळगावात आणि पुढचा पुण्यात गेला. फ्रान्सिनाबाईंनी १८७६ मध्ये पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल सुरू केले. शेजारपाजारच्या स्त्रिया आपली गाऱ्हाणी घेऊन त्यांच्याकडे येत असत. मालमत्ता कारभाऱ्याच्या हाती सोपवून फसलेल्या एका विधवेची हकिकत कॉर्नेलिया यांनी लहानपणी याच घरात ऐकली आणि कायद्याकडे वळण्याचे बीज तेथेच पडले, असे त्या पुढे सांगत. भावंडांपैकी सूझी सोराबजी यांनी पुण्यात सेंट हेलेना ही शाळा स्थापन केली, तर अॅलिस यांनी वैद्यकीय शिक्षण घेऊन वायव्य सरहद्दीवरील बन्नू येथे रुग्णसेवा केली.

डेक्कन कॉलेजात प्रवेश घेणाऱ्या त्या पहिल्या विद्यार्थिनी. वर्गातील मुले दार लावून घेत, बसायला जागा देत नसत. पदवी परीक्षेत मात्र त्या प्रथम श्रेणीत आल्या. अशा यशस्वी विद्यार्थ्याला इंग्लंडमधील शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. विद्यार्थी स्त्री निघाल्यामुळे ती नाकारण्यात आली. काही काळ त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजीचे अध्यापन केले. तेथे वर्गात सगळी मुलेच होती, हे वेगळे सांगायला नको. दरम्यान इंग्लंडमधील काही हितचिंतकांनी पैसे जमवले. लेडी मेरी हॉबहाउस यांनी त्यात पुढाकार घेतला होता आणि मदत करणाऱ्यांमध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाही समावेश होता. १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सोमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या. योगायोग असा की, बालपणी झालेल्या विवाहाच्या खटल्यामुळे देशभर चर्चेत आलेल्या मुंबईच्या रखमाबाई याच वर्षी वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला गेल्या. पतीकडे नांदायला जाण्यास नकार देणाऱ्या रखमाबाईंचा खटला १८८४ पासून मुंबई उच्च न्यायालयात गाजला होता. त्यांची बाजू मांडणारे, त्यांच्याविरुद्ध बोलणारे आणि निकाल देणारे सारे पुरुषच होते.

ऑक्सफर्डमध्ये बेलियल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जोवेट यांचे पाठबळ त्यांना लाभले. सर विल्यम अॅन्सन यांनी ऑल सोल्स कॉलेजचे कॉड्रिंग्टन ग्रंथालय त्यांच्यासाठी खुले केले. तोपर्यंत तेथे एकाही स्त्रीला वाचक म्हणून प्रवेश मिळालेला नव्हता. कायद्याच्या बी. सी. एल. परीक्षेला त्यांना बसू द्यावे की नाही, हा प्रश्न विद्यापीठाच्या सभेपुढे गेला आणि खास ठराव करून अनुमती मिळाली. १८९२ मध्ये त्या ही परीक्षा उत्तीर्ण झाल्या. ही परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. श्रेणी तिसरी आली आणि त्याचे त्यांना वाईट वाटले. पदवी मात्र हाती पडली नाही, कारण स्त्रियांना पदवी देण्याचा निर्णय ऑक्सफर्डने १९२० मध्ये घेतला. त्यानंतर, म्हणजे परीक्षेनंतर तीस वर्षांनी, १९२२ मध्ये त्यांनी ती जाऊन घेतली. मधल्या काळात लंडनच्या ली अँड पेम्बर्टन या सॉलिसिटर संस्थेत त्यांनी उमेदवारी केली.

सनदेविना वकिली

मायदेशी परतल्यावर त्यांच्यापुढे खरा प्रश्न उभा राहिला. न्यायालयात उभे राहायचे कोणत्या अधिकाराने? इंग्लंडची परीक्षा पुरेशी नाही असे सांगण्यात आले, म्हणून त्यांनी मुंबई विद्यापीठाची एल. एल. बी. परीक्षा दिली. तीही उत्तीर्ण झाल्यावर अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा दिली. ते साल १८९९. सनद याहीनंतर मिळाली नाही. दर वेळी नवी परीक्षा पुढे केली जाई आणि ती उत्तीर्ण झाल्यावर नियमाचा नवा अर्थ सांगितला जाई.

मात्र कायद्यात काही फटी होत्या. फौजदारी खटल्यात न्यायालयाच्या परवानगीने सनद नसलेली व्यक्तीही आरोपीची बाजू मांडू शकत असे. या तरतुदीचा आधार घेऊन १८९६ मध्ये पुण्यात एका खुनाच्या खटल्यात त्या उभ्या राहिल्या. ब्रिटिश न्यायालयात स्त्रीने बाजू मांडण्याचा हा पहिला प्रसंग मानला जातो. काठेवाड आणि इंदूर भागातील संस्थानांतही, जेथे ब्रिटिश हिंदुस्थानचे नियम लागू नव्हते, त्यांना काम मिळत गेले. त्यांच्या आत्मचरित्रात एका हत्तीच्या दाव्याची हकिकत आहे. हत्तीच्या नावे असलेले ताडाचे बन कोणीतरी बळकावले होते, दावा खुद्द राजेसाहेबांपुढे चालणार होता आणि राजेसाहेबांच्या कुत्र्याला वकीणबाई आवडल्या म्हणून निकाल त्यांच्या बाजूने लागला. सोराबजी यांना गोष्ट रंगवून सांगण्याची हौस होती हे लक्षात घेऊनच ही हकिकत वाचावी. तरी कायद्याच्या राज्यापेक्षा मर्जीच्या राज्यात स्त्रीला वकिली करणे सोपे गेले, एवढे त्यातून कळते.

उत्तर आणि पूर्व हिंदुस्थानातील जमीनदार घराण्यांत स्त्रिया कडक पडद्यात राहत. परपुरुषासमोर त्या येत नसत आणि वकील हा परपुरुषच होता. त्यामुळे पडद्याबाहेर वकील, आत पक्षकार आणि दोघांमध्ये निरोप पोहोचवणारा दिवाण, मुनीम किंवा नातलग अशी रचना असे. ज्याच्याविरुद्ध तक्रार तोच निरोप्या, असेही घडे. कोऱ्या कागदावर घेतलेला अंगठा पुढे दानपत्र ठरे किंवा दत्तकपत्र. पडदानशीन स्त्रीने दस्तऐवज समजून उमजून केला हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या दस्तऐवजाचा लाभ घेणाऱ्यावर राहील, असे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलने मान्य केले होते. पण हे तत्त्व त्या स्त्रीपर्यंत पोहोचवणार कोण?

त्यात प्रांताप्रांतांचा कायदा वेगळा. बंगालमध्ये दायभाग पद्धतीनुसार निपुत्रिक विधवेला पतीच्या हिश्शाचा वारसा मिळे, मात्र तिच्या हयातीपुरता. तिच्या मृत्यूनंतर मालमत्ता पतीच्या वारसांकडे जाई. बिहारमध्ये मिताक्षरा पद्धती असल्याने एकत्र कुटुंबातील विधवेला केवळ पोटगीचा हक्क होता. पहिल्या ठिकाणी विधवेचे आयुष्य लांबणे दिरांच्या सोयीचे नव्हते, तर दुसऱ्या ठिकाणी तिच्या जगण्याचा खर्च त्यांना जड होई. अज्ञान वारस असेल तर त्याच्या जिवाचीही धास्ती असे. विषप्रयोगाच्या भीतीने मुलाच्या अन्नावर रात्रंदिवस पहारा ठेवणाऱ्या मातांची वर्णने सोराबजी यांच्या लेखनात वारंवार येतात.

कोर्ट ऑफ वॉर्ड्समधील वर्षे

वारस अज्ञान असेल किंवा मालक स्त्री कारभारास असमर्थ ठरवली गेली असेल, तर अशा इस्टेटीचा कारभार सरकारचे कोर्ट ऑफ वॉर्ड्स हे खाते पाहत असे. या खात्याला आपल्याच आश्रित स्त्रियांना भेटता येत नाही, ही विसंगती सोराबजी यांनी १९०२ पासून इंडिया ऑफिसकडे अर्जविनंत्या करून मांडली. १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सने त्यांची महिला साहाय्यक म्हणून नेमणूक केली. पुढे बंगाल, बिहार, ओरिसा आणि आसाम एवढा विस्तीर्ण मुलूख त्यांच्याकडे आला. रेल्वेने, नावेने, पालखीने आणि प्रसंगी हत्तीवरून प्रवास करून त्या वाड्यांच्या अंतःपुरात पोहोचत.

तेथील काम कायद्याच्या पुस्तकात मावणारे नव्हते. सासू आणि सून यांच्यात तडजोड घडवणे, विधवेची पोटगी ठरवून घेणे, धाकट्या राजाच्या शिक्षणाची व्यवस्था लावणे, आजारी राणीकडे डॉक्टरीणबाई नेणे, दिवाणाचे हिशेब तपासणे हे सारे त्यात येई. सोवळेओवळे आणि व्रतवैकल्ये यांचा मान राखूनच त्या बोलत. त्यामुळे ख्रिस्ती असूनही त्यांच्यासाठी दारे उघडली. सुमारे वीस वर्षांत सहाशेहून अधिक स्त्रिया आणि अनाथ मुलांना त्यांनी मदत केल्याची नोंद आहे. १९०९ मध्ये त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक देण्यात आले.

सरकार अशा रीतीने त्यांच्या कायदेशीर सल्ल्यावर विसंबून होते आणि त्याच सरकारच्या न्यायालयांत त्यांना वकील म्हणून स्थान नव्हते. कलकत्ता उच्च न्यायालयाने १९१६ मध्ये रेजिना गुहा यांचा अर्ज फेटाळला. पुढे पाटणा उच्च न्यायालयाने सुधांशुबाला हाजरा यांनाही तेच उत्तर दिले. दोन्ही ठिकाणी युक्तिवाद होता तो कायद्यातील व्यक्ती या शब्दात स्त्री समाविष्ट आहे की नाही याचा. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑगस्ट १९२१ मध्ये सोराबजी यांची वकील म्हणून नोंदणी केली आणि ही कोंडी प्रथमच फुटली. १९२३ च्या महिला विधिव्यवसायी कायद्याने उरलेला अडसर दूर केला. सनदेसाठी झगडलेल्या रेजिना गुहा हा दिवस पाहायला हयात नव्हत्या.

लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन सोराबजी १९२४ मध्ये कलकत्त्यात वकिली करू लागल्या, तेव्हा त्यांचे वय सत्तावन्न होते. दार उघडले होते, पण आतील मंडळींनी जागा करून दिली नाही. पक्षकार आणि सॉलिसिटर खटला चालवण्याचे काम त्यांच्याकडे क्वचितच देत. लेखी अभिप्राय तयार करणे एवढ्यावरच त्यांची बोळवण होई. न्यायालयात उभे राहून युक्तिवाद करण्याचे स्वप्न त्यांनी तीस वर्षे जपले होते. ज्या वयात इतर वकील ज्येष्ठ म्हणून मान मिळवतात, त्या वयात त्यांना नवख्या उमेदवारासारखे थांबावे लागले. मुंबईत मात्र चित्र किंचित बदलत होते. लिंकन्स इनमधूनच बॅरिस्टर झालेल्या तरुण मिठन टाटा, म्हणजे पुढच्या मिठन लाम, मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागल्या. १९३६ च्या पारशी विवाह आणि घटस्फोट कायद्याच्या सिद्धतेत त्यांचा सहभाग होता. मद्रासमध्ये बी. आनंदाबाई यांची १९२९ मध्ये नोंदणी झाली. या पिढीला एकमेकींचा आणि महिला परिषदांचा आधार होता. सोराबजी यांना तसा आधार मिळाला नाही, आणि काही अंशी त्यांनी तो शोधलाही नाही.

याचे कारण त्यांच्या राजकीय मतांत आहे. ब्रिटिश राजवटीवर त्यांची निष्ठा होती आणि गांधीजींच्या चळवळीला त्यांचा उघड विरोध होता. आधी शिक्षण द्यावे, मग पडदा आपोआप जाईल, कायद्याने घाई करू नये, असे त्यांचे मत होते. १९२७ मध्ये कॅथरिन मेयो या अमेरिकन लेखिकेचे मदर इंडिया हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि देशभर संतापाची लाट उसळली. सोराबजी यांनी मेयो यांची बाजू घेतली. सुशिक्षित स्त्रियांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि समाजसेवेची त्यांची योजना पाठिंब्याअभावी बंद पडली. स्वातंत्र्योत्तर काळात त्यांचे नाव दीर्घकाळ विस्मृतीत गेले, त्याचे एक कारण हेही असावे. पडद्याआडच्या स्त्रीची बाजू जाणणाऱ्या या विदुषीला पडद्याबाहेर येऊन मिरवणुकीत चालणारी स्त्री मात्र समजली नाही, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

१९२९ मध्ये निवृत्त होऊन त्या लंडनमध्ये स्थायिक झाल्या. इंडिया कॉलिंग हे आत्मचरित्र १९३४ मध्ये आणि इंडिया रिकॉल्ड हे पुस्तक १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले. अखेरच्या वर्षांत दृष्टी अधू झाली होती. ६ जुलै १९५४ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी भारतीय संसदेने हिंदू उत्तराधिकार कायदा संमत केला. त्याच्या चौदाव्या कलमाने हिंदू स्त्रीच्या हयातीपुरत्या हक्काचे पूर्ण मालकीत रूपांतर केले. लिंकन्स इनमध्ये त्यांचा अर्धपुतळा बसवण्यात आला तो २०१२ मध्ये.