कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर : स्वावलंबनाचा एक धडा



आपल्या समाजातील तरुण शिक्षण पुरे होताच नोकरीच्या शोधास लागतो. मीही शाळेत असताना कित्येक विद्यार्थ्यांना हाच मार्ग दाखविला. उतारवयात मात्र असे वाटते की, दुसराही मार्ग आहे हे मी त्यांना सांगावयास हवे होते. ती उणीव भरून काढण्यासाठी एका कर्त्या पुरुषाचे चरित्र येथे थोडक्यात देत आहे. असा पुरुष कोणा एका ज्ञातीचा नसतो. तो सर्वांचाच असतो.

लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे २० जून १८६९ रोजी झाला. शालेय अभ्यासात त्यांचे मन रमत नसे. ओढा होता चित्रकलेकडे व यंत्रांकडे. इ. स. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु आपल्या डोळ्यांस काही रंगांतील भेद नीट कळत नाही, असे त्यांना तेथे आढळून आले. चित्रकाराची आशा संपली. तथापि खचून न जाता त्यांनी यंत्रांचे रेखन हस्तगत केले आणि त्याच बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची जागा मिळविली.

इकडे वडील बंधू रामचंद्रपंत ऊर्फ रामूअण्णा यांच्यासह १८८८ मध्ये बेळगावी सायकलींचा व्यवसाय सुरू झाला होता. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली धाडाव्यात, रामूअण्णांनी त्या विकाव्यात व गिऱ्हाइकांना चालविण्यास शिकवावे, असा क्रम होता. पुढे संस्थेत बढतीची वेळ आली, तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. हा अन्याय त्यांच्या जिव्हारी लागला आणि १८९७ च्या सुमारास नोकरी सोडून ते बेळगावी परतले.

येथे तरुण वाचकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. राजीनामा अपमानाच्या प्रसंगी दिला गेला हे खरे. परंतु त्यापूर्वी कित्येक वर्षे व्यवसायाचा पाया घातला गेला होता, कौशल्य हाती होते व पाठीशी खंबीर भाऊ होता. केवळ रागाच्या भरात नोकरी सोडणारा व पूर्वतयारीनिशी सोडणारा, यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

बेळगावी त्यांनी कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर बनविण्यास आरंभ केला. परंतु लोखंडाच्या फाळाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले चाळीस नांगर खपविण्यास सुमारे दोन वर्षे लागली. त्यातच नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडण्यास फर्माविले. अशा संकटसमयी औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. त्यांनी संस्थानात जागा देऊ केली व दहा हजार रुपयांचे कर्जही दिले. लक्ष्मणरावांनी कुंडल रोड रेल्वेस्थानकाजवळचा निवडुंगाने व्यापलेला, सापांनी भरलेला ओसाड माळ पत्करला. १९१० साली तेथे कारखाना उभा राहिला, आणि कालांतराने त्या वसाहतीस किर्लोस्करवाडी असे नाव पडले. आज ते गाव सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात आहे.

केवळ यंत्रे घडवून लक्ष्मणराव थांबले नाहीत. कामगारांच्या वस्तीची त्यांनी आखणी केली, तेथे अस्पृश्यतेस थारा दिला नाही आणि शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांवर विश्वास टाकून त्यांना पहाऱ्याचे काम दिले. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. नांगराच्या जोडीला पुढे पंपांची निर्मितीही सुरू झाली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे देहावसान झाले. जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आपल्या शिरवळच्या परिसरात आज औद्योगिक वसाहत उभी आहे. तेथे नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांनी प्रामाणिकपणे नोकरी करावी. तिला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु यंत्राजवळ उभे असताना ते कसे चालते व त्याचा कोणता भाग आपण घडवू शकू, इकडेही त्यांचे लक्ष असावे. त्यांतील एखादा उद्या स्वतःचा छोटा कारखाना काढावयास निघाला, तर हाती असलेली नोकरी सोडतो म्हणून त्यास आपण वडीलधाऱ्यांनी नावे ठेवू नयेत. रामूअण्णा भावाच्या पाठीशी उभे राहिले. समाजाने आपल्या होतकरू तरुणांच्या पाठीशी तसेच उभे राहावे, इतकीच माझी नम्र विनंती आहे.