एल्विसला गिटार खरंच येत होती का?

एल्विस प्रेस्ली म्हटलं की डोळ्यांसमोर दोन गोष्टी येतात. कपाळावर रुळणारी काळीभोर झुलपं आणि गळ्यात अडकवलेली गिटार. त्याच्या आवाजाबद्दल फारसं दुमत नाही. गिटारवरून मात्र आजही वाद होतो. ती नुसती शोभेची होती, त्याला धड वाजवताच येत नव्हती, असं ठामपणे सांगणारे भरपूर आहेत. त्यांचं म्हणणं अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं त्याच्या रेकॉर्डवरच सापडतं.

एल्विसचा जन्म ८ जानेवारी १९३५ चा. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातलं टुपेलो हे गाव आणि दोन खोल्यांचं घर. जुळा भाऊ मृतच जन्मला, त्यामुळे आईवडिलांचं हे एकुलतं एक पोर. वडील व्हर्नन मिळेल ते काम करायचे, घरात पैशांची कायम ओढाताण. अकराव्या वाढदिवसाला आई ग्लॅडिसने गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून त्याला एक साधी गिटार घेऊन दिली. पोराला खरं तर दुसरंच काही हवं होतं. कुणी सायकल म्हणतं, कुणी बंदूक.

गिटार आली, पण रीतसर शिकवणारा गुरू मिळाला नाही. काकामामांनी आणि चर्चमधल्या तरुण पाद्रीने दोनचार कॉर्ड दाखवले, बाकीचं पोराने ऐकून आणि बघून उचललं. नोटेशन वाचायला तो कधीच शिकला नाही. तारांवर बोटं पळवून एकेक सूर खुलवणं, म्हणजे ज्याला लीड वाजवणं म्हणतात, ते त्याच्या हाती फारसं आलं नाही. गाताना लागणारे कॉर्ड धरायचे आणि उजव्या हाताने ताल द्यायचा, एवढीच त्याची विद्या.

१९४८ मध्ये कुटुंब मेम्फिसला आलं. १९५३ मध्ये शाळा संपली. त्याच उन्हाळ्यात एल्विस सॅम फिलिप्सच्या छोट्या स्टुडिओत गेला आणि चारेक डॉलर भरून दोन गाणी रेकॉर्ड करून आला. साथीला दुसरं कुणी नव्हतं, फक्त स्वतःची गिटार. पुढे तो एका इलेक्ट्रिक कंपनीचा ट्रक चालवू लागला.

ड्रम नव्हते, मग ठेका कुणाचा?

५ जुलै १९५४ ची संध्याकाळ. फिलिप्सच्या स्टुडिओत तिघं जमले होते. इलेक्ट्रिक गिटारवर स्कॉटी मूर, उभ्या डबल बासवर बिल ब्लॅक आणि गायला एल्विस. संथ गाणी करून पाहिली, काहीच जमेना. मधल्या सुट्टीत एल्विसने गंमत म्हणून कृष्णवर्णीय ब्लूज गायक आर्थर क्रुडपचं ‘दॅट्स ऑल राइट’ जोरात सुरू केलं. बिल आणि स्कॉटी सामील झाले. फिलिप्सने कान टवकारले, गाणं पुन्हा पहिल्यापासून घ्यायला लावलं आणि टेप सुरू केला.

त्या रेकॉर्डवर ड्रम नाहीत. मग गाणं पळतं कशाच्या जोरावर? बिलच्या बासवरच्या थापा आहेतच, पण सुरुवात होते ती एल्विसच्या गिटारवर. कॉर्ड मोजून तीन, अगदी शिकाऊ पोरालाही येतील असे. अवघड आहे तो उजवा हात. वर-खाली फिरणारा तो हात एका क्षणासाठीही मागे पडत नाही. आपल्याकडे गाणाऱ्याला तबल्याचा ठेका लागतो. इथे गाणाऱ्यानेच ठेका धरला होता आणि त्यावर गातही होता. स्कॉटीला मधल्या जागा मोकळेपणाने भरता आल्या, त्या पाठीमागची ही ऱ्हिदम पक्की होती म्हणून.

पुढे १९५५ मध्ये डी. जे. फोंटाना हा ड्रमवादक कायमचा आला आणि गिटारवरचा भार हलका झाला. तरीही एल्विसचे हात स्वस्थ बसत नव्हते. ‘ऑल शुक अप’मध्ये ऐकू येणारी थाप ही त्याने गिटारच्या पाठीवर मारलेली आहे. १९५७ मध्ये ‘जेलहाउस रॉक’ चित्रपटाच्या एका गाण्यात बिल ब्लॅकला नव्या इलेक्ट्रिक बासवर सुरुवात जमेना, तो वैतागून उठून गेला. एल्विसने ती बास उचलली आणि स्वतः वाजवली. पियानोवरही त्याचा हात चांगला चालायचा.

शोभेची गिटार

मग ‘शोभेची’ हा शिक्का बसला कसा? त्याचं उत्तर पुढच्या काळात आहे. १९५८ ते १९६० लष्करात गेली. नंतर चित्रपटांमागून चित्रपट आले. पडद्यावर हातात गिटार असायची, आवाज मात्र स्टुडिओतल्या दुसऱ्या वादकांचा. लोकांनी जे पाहिलं त्यावरून मत बनवलं. एल्विसनेही कधी प्रतिवाद केला नाही, उलट आपल्या वादनाची तो स्वतःच थट्टा करायचा.

जून १९६८ मध्ये कॅलिफोर्नियात एनबीसी वाहिनीच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण झालं. छोटा चौकोनी मंच, चारही बाजूंनी प्रेक्षक. जुने साथीदार स्कॉटी आणि फोंटाना शेजारी बसले होते. बिल ब्लॅक १९६५ मध्येच गेला होता, त्यामुळे बास नाही. ड्रमचा संचही नाही, फोंटाना गिटारच्या पेटीवर काठ्या वाजवत होता. म्हणजे गोष्ट पुन्हा १९५४ वर आली. एल्विसने स्कॉटीची मोठी इलेक्ट्रिक गिब्सन मागून घेतली आणि वाजवू लागला. वादन ओबडधोबड, खरखरीत, पण तालात चोख. जिमी रीडच्या एका ब्लूज गाण्याच्या चालीवर तो पुन्हा पुन्हा येत राहिला. अख्खी मैफल त्या गिटारवर उभी होती. ३ डिसेंबरला कार्यक्रम प्रसारित झाला आणि मागे पडलेला एल्विस पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आला. स्कॉटीबरोबरचं त्याचं हे शेवटचं वादन ठरलं.

१९६९ पासून लास वेगासचे कार्यक्रम सुरू झाले. मागे मोठा वाद्यवृंद, लीड गिटारला जेम्स बर्टनसारखा कसलेला वादक. आता एल्विसच्या गिटारची कुणाला गरज उरली नाही. थोडा वेळ गळ्यात घालायची आणि साथीदाराच्या हाती द्यायची. १६ ऑगस्ट १९७७ रोजी मेम्फिसच्या ग्रेसलँड या घरी तो गेला, वय अवघं ४२.

एल्विस मोठा गिटारवादक नव्हता, हे मान्यच करायला हवं. चेट अ‍ॅटकिन्स किंवा बर्टन यांच्या पंक्तीला त्याला कुणी बसवणार नाही. पण साथ करणाऱ्याचं पहिलं काम गाणं पडू न देणं हे असेल, तर ते काम त्याने चोख केलं. शंका असेल त्याने हेडफोन लावून ‘दॅट्स ऑल राइट’चे पहिले काही सेकंद ऐकावेत. गाण्याला पाय फुटतात ते त्याच्याच हाताने.