डाव्या पावलाचे माप

ओल्या मातीतल्या पाऊलखुणेवरून गुन्हेगाराची उंची सांगणारे हेर आपण रहस्यकथांतून पुष्कळ वाचले आहेत. मला मात्र त्यांच्यापेक्षा, माणसाच्या देहाची मोजमापे पोलीस कचेरीत नेणारा आल्फाँस बेर्तीयाँ अधिक विचार करायला लावतो.

त्याचा जन्म १८५३ चा, पॅरिसमधला. वडील नामांकित वैद्य आणि संख्याशास्त्रज्ञ. मुलगा मात्र शाळेतून काढून टाकलेला, नोकरीत न टिकणारा. १८७९ मध्ये वडिलांच्या ओळखीने त्याला पोलीस खात्यात कारकुनी मिळाली. पकडलेल्यांची वर्णने उतरवून काढायची, एवढेच काम. उंची मध्यम, चेहरा साधारण! अशा वर्णनावरून नाव बदललेला सराईत चोर ओळखायचा कसा?

घरात ऐकलेले संख्याशास्त्र इथे कामी आले. प्रौढ माणसाची हाडे वाढत नाहीत. दोघांचे एखादे माप जुळेल. अकराच्या अकरा जुळणे जवळजवळ अशक्य. म्हणून तो उंची, डोके, कान, मधले बोट यांबरोबर डावे पाऊलही मोजी. त्यासाठी कैद्याला अनवाणी, एकट्या डाव्या पायावर उभे करीत. सगळा भार आला की पाऊल पुरते पसरते आणि माप दर वेळी सारखे येते. वरिष्ठांनी आधी टिंगल केली, मग तीन महिन्यांची मुदत दिली. ती संपत आली असता, फेब्रुवारी १८८३ मध्ये, पहिला चोर सापडला. १८८४ मध्ये असे २४१ जण ओळखले गेले.

पावलाची लांबी उंचीच्या साधारण १५ टक्के असते. पाऊल २४ सेंटिमीटर, तर उंची अदमासे १६० सेंटिमीटर. पण चिखलात पाय घसरतो, बुटाने ठसा मोठा होतो, आणि सारख्या पावलांची माणसेही उंचीने सारखी नसतात. पाऊलखूण संशयितांची संख्या कमी करते. गुन्हेगाराचे नाव सांगत नाही.

अंदाज आणि ओळख यांतला हा फरक बेर्तीयाँइतका कोणाला कळायला हवा होता? तरीही १८९४ मध्ये, हस्ताक्षराचा तज्ज्ञ नसताना, त्याने कॅप्टन ड्रायफसविरुद्ध छातीठोक साक्ष दिली. अक्षर जुळत नव्हते तिथे, ड्रायफसनेच ते मुद्दाम बदलले, असा तर्क लढवला. निरपराध ड्रायफस डेव्हिल्स बेटावर खितपत पडला. १९०४ मध्ये गणितज्ञांनी बेर्तीयाँचा सिद्धान्त निराधार ठरवला आणि १९०६ मध्ये ड्रायफस निर्दोष सुटला.

दरम्यान १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचे कार्यालय निघाले आणि शरीरमापनाची पद्धत मागे पडत गेली. १९०२ मध्ये खुद्द बेर्तीयाँनेच एक खुनी बोटांच्या ठशांवरून शोधला. १९१४ मध्ये तो वारला.

माप चुकू नये म्हणून कैद्याला एका पायावर उभा करणारा हा माणूस. स्वतःच्या मताची अशी परीक्षा त्याने एकदा जरी घेतली असती, तर ड्रायफसची ती वर्षे कदाचित वाचली असती, असे मला राहून राहून वाटते.