वाऱ्याची ओढ मोजणारे सर जेफ्री टेलर

वारा डोळ्यांस दिसत नाहीं. तो गवत लववितो, समुद्रावर लाटा उठवितो, एवढेंच आपण पाहतों. परंतु वाहतांना तो जमिनीस किती जोरानें ओढतो, हें मोजावें कसें? हें कोडें ज्यांनीं पुष्कळ अंशीं उलगडलें, त्या सर जेफ्री टेलर यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

त्यांचा जन्म 1886 सालीं लंडन येथें झाला. प्रख्यात गणिती जॉर्ज बूल हे त्यांच्या आईचे वडील. आणि हिमालयाच्या सर्वोच्च शिखरास ज्यांचें नांव दिलें, ते हिंदुस्थानचे सर्व्हेअर जनरल एव्हरेस्ट हे त्यांच्या आजीचे चुलते. त्यांचें उच्च शिक्षण केंब्रिज येथें झालें.

1912 सालीं टायटॅनिक जहाज हिमनगावर आदळून बुडालें. पुढील वर्षीं उत्तर अटलांटिकांतील हिमनगांवर नजर ठेवण्यासाठीं स्कोशिया नांवाचें जहाज धाडण्यांत आलें. त्यावर टेलर हवामानशास्त्रज्ञ म्हणून गेले. न्यूफाउंडलंडजवळील धुक्यांत पतंगांस उपकरणें बांधून त्यांनीं निरनिराळ्या उंचीवरील हवेचें उष्णमान टिपलें. हवेंतील भोवरे उष्णता वरखालीं नेतात, हें त्यांस त्यावरून दिसून आलें. तेच भोवरे वाऱ्याचा वेगही नेतात, असें त्यांनीं मांडलें. जमिनीच्या घर्षणानें खालचा वारा मंदावतो आणि वरचा वेगवान वारा त्यास भोवऱ्यांच्या द्वारें पुढें रेटतो. म्हणून उंचीप्रमाणें वाऱ्याचा वेग व दिशा कशी पालटते हें कळलें, कीं जमिनीवरील ओढीचाही हिशेब लागतो.

सॅलिसबरीच्या मैदानावर डॉब्सन यांनीं फुगे सोडून घेतलेलीं मापें हातीं घेऊन टेलर यांनीं 1916 सालीं हा हिशेब केला. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर ओढ चौपट होते. हवेची घनता व वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारास सुमारें 0.002 ते 0.003 या अंकानें गुणिलें म्हणजे ती मिळते. ताशीं 36 किलोमीटर वाऱ्याची ओढ एका चौरस मीटरवर अवघी 25 ते 37 ग्रॅम वजनाइतकी भरते. पण तीच महासागराच्या विस्तारावर पडली म्हणजे पाण्याचे प्रवाह चालूं लागतात.

गवताळ मैदानावर मिळालेला हाच अंक त्यांनीं 1919 सालीं आयरिश समुद्राच्या तळास लावला, आणि भरतीओहोटीची शक्ति तेथें घर्षणांत किती खर्ची पडते तें दाखविलें. अशाच घर्षणानें पृथ्वीचें भ्रमणही अत्यंत हळूहळू मंदावत आहे. 1975 सालीं ते निवर्तले.

संक्रांतीस पतंग उडविणाऱ्या प्रत्येक मुलास ठाऊक असतें, कीं खालीं गोते खाणारा पतंग उंच गेला म्हणजे दोरी ताणली जाते. असें कां होतें, हा प्रश्न मात्र थोडेच विचारतात. टेलर यांनीं तो विचारला आणि उत्तर मिळेपर्यंत सोडला नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांनीं त्यांपासून एवढें तरी घ्यावें.