बाळंतिणीच्या विश्रांतीचा खर्च कोणी करायचा?

भीमाबाई सकपाळ यांना चौदा अपत्ये झाली. चौदावे अपत्य म्हणजे १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत जन्मलेले भीमराव. चौदांपैकी जगली ती पाच: बाळाराम, आनंदराव, मंजुळा, तुळसा आणि भीमराव. भीमराव पाच-सहा वर्षांचे असतानाच आई गेली आणि मुलांना आत्या मीराबाईंनी वाढवले.

इतकी बाळंतपणे शरीराला काय करतात, हे थोडे समजून घ्यायला हवे. पोटातले बाळ आईच्या साठ्यातून लोह घेते. दोन गर्भारपणांत निदान दोन वर्षांचे अंतर नसेल, तर तो साठा भरून येत नाही आणि प्रत्येक खेपेला बाई अधिक फिकट होत जाते. पाचव्या-सहाव्या खेपेनंतर गर्भाशयाचा स्नायू सैलावतो. बाळ बाहेर आल्यावर तो आवळला गेला, तरच रक्तस्राव थांबतो. तो आवळला नाही, तर आधीच रक्त कमी असलेली बाई तास-दोन तासांत हातची जाते. वैद्यकशास्त्राला यात गूढ असे काही नाही. त्या काळी मात्र हे घराघरांतले होते आणि कोणाला त्यात विशेष काही वाटत नसे.

भीमरावांच्या स्वतःच्या संसारातही तेच घडले. लहान वयात रमाबाईंशी लग्न झाले. पाच मुले झाली. त्यांतला यशवंत तेवढा वाचला. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चौघे बालपणीच गेली. शेवटचा राजरत्न, वडिलांचा फार लाडका, जुलै १९२६ मध्ये गेला. मधल्या वर्षांत भीमराव कोलंबियात आणि लंडनमध्ये शिकत होते. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतल्या खोलीत रमाबाई तुटपुंज्या पैशांत घर चालवत होत्या. डॉ. आंबेडकरांच्या आयुष्याचा हा भाग सहसा त्यागाची कथा म्हणून सांगितला जातो. त्याकडे आरोग्याचा पुरावा म्हणूनही पाहता येते. अर्थशास्त्रातल्या दोन डॉक्टरेट मिळवणाऱ्या माणसाच्या घरात पाचांतली चार मुले जात असतील, तर खालच्या मजल्यावरच्या गिरणी कामगाराच्या घरात काय होत असेल?

त्याचे उत्तर सरकारी नोंदींतही होते. १९२१ साली मुंबईचा बालमृत्युदर हजारी सहाशेच्या वर नोंदला गेला. हा आकडा जरा जपूनच वाचायला हवा. अनेक बाया बाळंतपणाला कोकणात किंवा घाटावर जात, त्यामुळे जन्माची नोंद गावी व्हायची आणि मृत्यूची मुंबईत. म्हणजे भागाकारातला खालचा आकडा लहान आणि वरचा मोठा. पण ही सूट देऊनही परिस्थिती भयंकरच उरते. गिरण्यांत तेव्हा सुमारे पाचवा हिस्सा बाया होत्या, मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या खात्यांत. डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरने त्या सुमारास सरकारसाठी या बायांची पाहणी केली. कामावर जाणाऱ्या आया तान्ह्यांना अफूची बाळगोळी देऊन निजवतात, आणि हे जवळजवळ सरसकट चालते, असे त्यांना दिसून आले. आईला क्रूर ठरवायचे कारण नव्हते. रजा घेतली तर मजुरी बुडायची, मजुरी बुडाली तर चूल.

डिसेंबर १९२६ मध्ये आंबेडकरांची मुंबईच्या विधिमंडळावर नेमणूक झाली. राजरत्न जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. जुलै १९२८ मध्ये गिरण्या-कारखान्यांतल्या बायांना बाळंतपणाच्या आधी आणि नंतर काही आठवडे भत्त्यासह रजा देण्याचे विधेयक सभागृहापुढे आले. विरोध अपेक्षित होता तसाच झाला. धंद्याला हे परवडणार नाही, मालक बायांना कामावरच घेणार नाहीत, असे मुद्दे निघाले. आंबेडकरांनी विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, हा त्यांचा पहिला मुद्दा. बायांना कामावर ठेवण्यात मालकाचा फायदा असतो, म्हणून त्यानेही भार उचलावा, हा दुसरा. पण खरा महत्त्वाचा होता तिसरा. हा खर्च मोठ्या प्रमाणात सरकारने सोसला पाहिजे, कारण लोकांच्या कल्याणाची जबाबदारी मुळात सरकारची आहे. ज्या देशांत असा भत्ता सुरू झाला, तिथे सरकारनेही त्यात वाटा उचलला आहे, याकडे त्यांनी लक्ष वेधले.

हा तिसरा मुद्दा अर्थशास्त्र्याचा होता. सगळा भार एका मालकावर टाकला, तर त्याच्या हिशेबात प्रत्येक तरुण बाई म्हणजे संभाव्य खर्च ठरते. तोच भार सर्वांच्या करांतून उचलला, तर बाई कामावर ठेवण्यात तोटा उरत नाही. १९२९ साली मुंबई इलाख्याचा प्रसूतिलाभ कायदा झाला, देशातला या प्रकारचा पहिला. पण पैसे द्यायचे ते मालकानेच. पुढच्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांतले बायांचे प्रमाण घटत गेले. रात्रपाळीवरची बंदी आणि बदललेली यंत्रे ही कारणे त्यात होतीच, पण या भत्त्याची टाळाटाळही होती.

या कायद्याची दुसरी मर्यादा अशी की तो कारखान्यापुरता होता. भात लावणारी, लाकडाची मोळी वाहणारी बाई त्यात नव्हती. जव्हार तर तेव्हा मुकणे राजांचे संस्थान. मुंबईच्या विधिमंडळाचा कायदा तिथल्या घाटात पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता. वावरसारख्या गावात बाळंतपण म्हणजे झोपडी, सुईण आणि नशीब.

रजा आणि भत्ता हा प्रश्नाचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा म्हणजे बाळंतपण नको असेल तर काय? त्यावर मुंबईत एक माणूस उघडपणे बोलत होता आणि तो डॉक्टर नव्हता. गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे यांनी १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र उघडले. त्यापायी प्राध्यापकी सोडली आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. वैद्यकीय व्यवसायातले बहुतेक लोक त्यांच्यापासून चार हात दूरच राहिले, हे नोंदवले पाहिजे. १९३४ मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र आंबेडकरांनी घेतले. आपल्या राजकारणाला याचा काहीही उपयोग नाही, उलट तोटाच होईल, हे त्यांना कळत नसेल असे नाही. खटला हरला आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पुढच्याच वर्षी, २७ मे १९३५ रोजी, दीर्घ आजारानंतर रमाबाई गेल्या.

त्या काळची साधने कोणती होती, हे पाहिले म्हणजे सरकारच्या पैशाचा मुद्दा का आला ते कळते. रबरी टोपी परदेशातून यायची. ती योग्य मापाची निवडून बसवायला जाणकार हात लागायचे. वापरल्यावर धुवायची, वाळवायची, जपून ठेवायची. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे आणि नळ मजल्याच्या टोकाला, तिथे हे कसे करायचे? फेस येणारी पूड आणि स्पंज हा त्यातल्या त्यात स्वस्त उपाय होता. अमेरिकेच्या मार्गारेट सँगर १९३५-३६ मध्ये भारतभर फिरल्या, तेव्हा त्यांनी त्याचाच प्रसार केला. वर्ध्यात गांधीजींशी त्यांची भेट झाली, पण साधनांऐवजी संयम या भूमिकेवरून गांधीजी हलले नाहीत. संयमाचा निर्णय घरात कोण घेणार, हा प्रश्न तसाच राहिला. दवाखान्याची फी आणि साधनाची किंमत परवडणाऱ्या घरांतल्या बाया कर्व्यांपर्यंत पोहोचू शकत होत्या. ज्यांना खरी गरज, त्यांना ते जमत नव्हते.

१० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी एक बिनसरकारी ठराव मांडला. त्यामागचे भाषण आंबेडकरांचे होते. सरकारने संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा आणि त्याची साधने लोकांना पुरेशी उपलब्ध करून द्यावीत, अशी मागणी होती. वारंवारच्या बाळंतपणांनी बायांचे शरीर पोखरले जाते, गरिबाच्या घरात प्रत्येक जादा मूल उरलेल्यांच्या ताटातले कमी करते, आणि मूल व्हावे की नाही हे ठरवण्याचा अधिकार बाईचा असला पाहिजे, हा युक्तिवाद होता. म्हैसूर संस्थानाने १९३० मध्येच सरकारी रुग्णालयांत अशी केंद्रे उघडण्याचा हुकूम काढला होता, म्हणजे ही कल्पना अगदीच हवेतली नव्हती. तरीही ठराव मोठ्या फरकाने पडला. लाज, धर्म, नीती, लोकसंख्या घटण्याची भीती, सगळे आडवे आले. लोकनियुक्त सरकार सत्तेवर असताना हे घडले, याची आठवण फारशी काढली जात नाही.

१९४२ ते १९४६ या काळात आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. इथे बोलण्याऐवजी करण्याची सत्ता हाती होती. खाणीत काम करणाऱ्या बायांच्या प्रसूतिलाभाच्या कायद्यात त्यांच्या खात्याने दुरुस्त्या आणल्या आणि जमिनीखाली काम करणाऱ्यांसाठी विश्रांतीचा काळ वाढवला. पण याच खात्याने १९४३ मध्ये, युद्धात कोळसा कमी पडतो म्हणून, बायांना खाणीच्या आत उतरवण्यावरची बंदी उठवली होती. त्यावर कडक टीका झाली आणि ती योग्यच होती. फेब्रुवारी १९४६ मध्ये बंदी पुन्हा आली. चरित्रकार हा प्रसंग घाईने ओलांडतात. आरोग्याच्या बाजूने पाहणाऱ्याला तसे करता येत नाही.

याच वर्षांत कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखली गेली आणि १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. त्यात प्रसूतिलाभ एका मालकाच्या खिशातून न देता सामाईक निधीतून द्यायचा होता. वीस वर्षांपूर्वी मांडलेले सूत्र निदान संघटित कामगारांपुरते उतरले. भोर समितीचा अहवाल १९४६ चा. देशात दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे वीस माता दगावतात आणि वर्षाला दोन लाख बाया बाळंतपणाशी निगडित कारणांनी जातात, असा तिचा अंदाज होता.

१५ एप्रिल १९४८ रोजी आंबेडकरांनी मुंबईच्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी लग्न केले. त्याच पुढे सविताबाई. मधुमेह आणि पायांच्या मज्जातंतूंच्या दुखण्याने ते तेव्हा बेजार होते. सप्टेंबर १९५१ मध्ये, हिंदू कोड बिल रखडल्यावर, त्यांनी मंत्रिपद सोडले. विधानसभेने जे नाकारले होते, ते त्यानंतर केंद्राने स्वीकारले. पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनासाठी ६५ लाख रुपये ठेवले गेले. तेही बिचकतच, कारण सुरुवातीचा भर दिवस मोजण्याच्या पद्धतीवर होता. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे निधन झाले.

१९६१ चा केंद्रीय प्रसूतिलाभ कायदा पुन्हा मालकाच्याच खिशावर उभा राहिला. २०१७ मध्ये रजा २६ आठवड्यांची झाली, पण ती मिळते पगारपत्रकात नाव असलेल्या बाईला. पगारपत्रक नसलेल्या बाईसाठी सरकारने थेट पैसे मोजायला फार वेळ लागला. महाराष्ट्रात त्याला एक दुर्दैवी निमित्त आहे. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात कुपोषणाने अनेक बालके दगावली आणि राज्य हादरले. १९९५ मध्ये नवसंजीवनी योजना आली. तिच्यासोबत आदिवासी भागातल्या गरोदर बायांसाठी मातृत्व अनुदान आले: थोडी रोख रक्कम, थोडी औषधांसाठी. मग २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आणि २०११ पासून सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रियेसह बाळंतपण मोफत. पुढे अमृत आहाराचे जेवण आणि पहिल्या बाळासाठी पाच हजारांची मातृवंदना आली. प्राथमिक केंद्रात तांबी, गोळ्या आणि २०१७ नंतर 'अंतरा'ची सुई, सगळे विनामूल्य. १९३८ च्या ठरावात जे मागितले होते, त्याहून हे जास्तच आहे.

पण वावरची वारली, कातकरी किंवा ठाकर बाई दिवाळीनंतर गावात नसते. भात झोडून झाले की कुटुंब जगायला निघते: भिवंडी, वसई, वीटभट्ट्या, रेतीची कामे. गरोदरपणाची नोंद गावच्या आशाताईकडे, आधारशी जोडलेले बँक खाते जव्हारला, अमृत आहार अंगणवाडीत शिजतो आणि ती भट्टीवर गारा तुडवते. भट्टीच्या मालकाकडे तिच्या नवऱ्याच्या नावाची उचल असते, तिच्या नावाचा कागद नसतो. सातव्या-आठव्या महिन्यात ती आडवाटेने गावी परतते, तेव्हा हिमोग्लोबिन सहा-सातवर आलेले असते आणि गुंतागुंत निघाली तर पुढे नाशिक किंवा सिल्वासा. ज्यांना आणखी मूल नको आहे त्यांची अडचण वेगळी. 'अंतरा'ची पुढची सुई तीन महिन्यांनी घ्यायची असते. पावसाळा संपता संपता पहिली घेतली, तर दुसरीची तारीख भट्टीवर असतानाच येते.