मुलांची अंथरुणे आवरणारा शिक्षक

साने गुरुजी म्हटले की मराठी माणसाला ‘श्यामची आई’ आठवते आणि पाठोपाठ डोळ्यांतले पाणी. ही प्रतिमा खोटी नाही, पण अपुरी आहे. तिच्या आड एक कमालीचा कष्टाळू आणि तितकाच हट्टी वसतिगृहप्रमुख झाकला गेला. वयात येणाऱ्या मुलांना हाताशी धरून जबाबदार माणूस बनवण्याचे काम त्याने अमळनेरला सहा वर्षे केले आणि पुढचे आयुष्यही त्याच कामाच्या निरनिराळ्या रूपांत घालवले.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी दापोली तालुक्यातील पालगड येथे झाला. घराणे खोतांचे, मात्र पांडुरंग जाणता होईपर्यंत घरातील वैभव ओसरले होते. दापोलीच्या मिशन शाळेतले शिक्षण पैशांअभावी अडले. गरीब विद्यार्थ्यांची सोय होते असे ऐकून हा मुलगा एकटा औंध संस्थानात गेला. तेथे प्लेगने शाळा बंद पडली, तेव्हा त्याने पुणे गाठले. हाताने रांधणे, अर्धपोटी राहणे, परक्या गावात ओळख नसताना दिवस काढणे हे सारे त्याने विशीच्या आत अनुभवले. १९१७ मध्ये आई यशोदाबाई वारल्या तेव्हा तो पुण्यात होता. अखेरची भेट झाली नाही. घरापासून दूर राहणाऱ्या मुलाला नेमके काय हवे असते, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते खानदेशातील अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. परंतु केवळ चिंतनात त्यांचे मन रमेना. १९२४ मध्ये ते तेथील हायस्कुलात शिक्षक झाले आणि पुढे शाळेच्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. त्या काळी वसतिगृहाचा प्रमुख म्हणजे हातात छडी आणि तोंडी दरारा, अशीच सर्वसाधारण समजूत होती. साने सरांनी वेगळी वाट धरली. मुलांनी विस्कटून टाकलेली अंथरुणे ते स्वतः आवरीत. खोल्या झाडीत. कोपऱ्यात पडून राहिलेले मळके कपडे धुऊन वाळत घालीत. कोणी आजारी पडला तर त्याच्या उशाशी बसून रात्र काढीत. पगारातला मोठा भाग गरजू मुलांच्या फीवर आणि पुस्तकांवर खर्ची पडे.

यात लाड होते असे वरवर वाटेल. पण धुतलेला सदरा दोरीवर पाहून ज्याचा तो मुलगा ओशाळत असे आणि पुढच्या वेळी स्वतःच बादली उचलत असे. शिक्षेने मुलगा फक्त शिक्षकाला भितो. येथे त्याला स्वतःचीच लाज वाटू लागे. हा मार्ग शिक्षकाला फार महाग पडतो, कारण त्यात रोज पहाटे उठून पहिल्यांदा स्वतःलाच राबवावे लागते. त्याचे अनुकरण करणारे थोडे निघाले, यात नवल नाही.

छात्रालयातील मुलांसाठी ते एक हस्तलिखित दैनिक चालवीत. ‘छात्रालय दैनिक’ हे त्याचे नाव. देशोदेशींच्या घडामोडी, थोरांची चरित्रे, नवी पुस्तके आणि छात्रालयातलेच गुणदोष असा मजकूर रोज स्वहस्ते लिहून ते मुलांपुढे ठेवीत. शाळेचे पूर्ण दिवसाचे काम सांभाळून एका माणसाने हे करावे, हे आज दैनिकात काम करणाऱ्यांनाही दमवणारे वाटेल. खेड्यातून आलेल्या मुलाला आपल्या तालुक्यापलीकडचे जग प्रथम त्या पानांतून दिसले.

१९३० मध्ये त्यांनी नोकरी सोडून सविनय कायदेभंगात उडी घेतली. मुलांना देशप्रेम शिकवायचे आणि आपण पगार घेत बसायचे, हे त्यांना जमण्याजोगे नव्हते. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांनी गीतेवर दिलेली प्रवचने त्यांनीच उतरून घेतली. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात त्यांनी तमिळ शिकून घेतली. प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, ही त्यांची आंतरभारतीची कल्पना याच वास्तव्यातली.

‘श्यामची आई’ त्यांनी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहिली. या पुस्तकाची मांडणी सहसा ध्यानात घेतली जात नाही. ते आईने मुलाला सांगितलेले पुस्तक नाही. आश्रमातला एक मोठा झालेला पुरुष रात्रीच्या प्रार्थनेनंतर तरुण सोबत्यांना आणि मुलांना आपले बालपण सांगतो आहे. पोहायला घाबरून दडून बसलेल्या श्यामला आई शिमटीने झोडपते, हेही त्यातच आहे. ‘अर्धनारी नटेश्वर’ या प्रकरणात श्याम स्वयंपाकघरातली कामे शिकतो. पुरुषाच्या अंगी कोमलता आल्याशिवाय तो पुरा होत नाही, हा विचार १९३०च्या दशकात मुलग्यांपुढे इतक्या सरळपणे क्वचितच कोणी मांडला असेल.

पुढे राष्ट्र सेवा दलातील तरुण हे त्यांचे नवे छात्रालय ठरले. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी सेवा दलाच्या कलापथकासह महाराष्ट्र पिंजून काढला आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात उपोषण आरंभले. मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावरच ते सुटले. गावोगाव विरोध आणि शिव्याशाप ऐकत हिंडलेल्या त्या तरुणांचे ते महिने कोणत्याही वर्गातल्या धड्याहून मोलाचे होते.

गांधीजींच्या हत्येने मात्र ते आतून मोडले. त्यांनी २१ दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. स्वतंत्र देशात द्वेष आणि स्वार्थ वाढताना पाहून त्यांचे मन अधिकाधिक खिन्न होत गेले. मुलांचे दुःख नेमके ओळखणाऱ्या या माणसाला स्वतःचे दुःख कोणाच्या खांद्यावर ठेवता आले नाही. भोवती माणसे पुष्कळ होती, तरीही. त्याच काळात ते पुतणी सुधा हिला लांबलचक पत्रे लिहीत होते. फुलापाखरांची, नद्यांची, दूरच्या देशांची ती पत्रे ‘साधना’त छापून येत आणि घरोघरची मुले ती आपल्यालाच आलेली समजून वाचत.

११ जून १९५० रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी आपले जीवन स्वतःच संपवले. ‘साधना’ पुढे त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवली.